दादाचं घरी बसणं

माझ्या मोठ्या भावाने नऊ वर्षं काही केलं नाही, आणि त्या नऊही वर्षांत मी त्याच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते. बेरोजगारांसाठी पत्रकं लिहिणारी, त्यांच्या मोर्च्यात पुढे राहून घसा फोडणारी मुलगी स्वतःच्या घरातल्या बेरोजगारावर जळते, हे ऐकायला काही बरं वाटत नाही. पण पत्रक कसं लिहायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचा पहिला धडा असा होता की मुद्दा पहिल्या ओळीत आला पाहिजे. माणूस सिग्नलला उभा आहे, दुसरी ओळ तो वाचेलच असं नाही.

आम्ही पुण्यात धायरीत राहतो. दोन खोल्या, एक टेबल, एक पंखा. वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. आता आई, दादा आणि मी. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातले देव गेले आणि त्यांच्या फळीवर पुस्तकं आली, असं वडील सांगायचे. त्याबरोबर एक नियमही आला, तो आमच्या सगळ्या नातेवाइकांत आहे. पुस्तक उघडून बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. दळण आणायचं असो, पाणी भरायचं असो, पाहुणे दारात असोत. पुस्तक उघडं असेल तर तो माणूस घरात नाही असं समजायचं.

नियम चांगला आहे. मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की तो मुलीच्या पुस्तकाला लागू नव्हता. मी पुस्तक उघडलं की आई म्हणायची, "वाचतीयेस ना, मग कुकरकडे पण लक्ष ठेव. तीन झाल्या की बंद कर." एम.ए.चा अख्खा अभ्यास मी शिट्ट्या मोजत केलाय. निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं. जरा हळू बोल, दादा आत्ताच पडलाय."

दादा पडलेला असायचा कारण दादा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचा. पदवीनंतर काही वर्षं त्याने पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरली होती. पूर्वपरीक्षा तीनदा निघाली, मुख्य परीक्षेत दर वेळी थोडक्यात गेलं. मग ती अभ्यासिका बंद पडली आणि तो पुस्तकं पोत्यात घालून घरी आला, तो घरीच राहिला. टेबल त्याचं झालं. पंख्याचं तोंड त्याच्याकडे झालं. चार्जिंगचं एकुलतं एक बटणही त्याच्या बाजूच्या भिंतीवर. सकाळी नऊला तो पुस्तक उघडायचा, साडेअकराला डोळे मिटायचे, पुस्तक मात्र उघडंच राहायचं. नियमाप्रमाणे त्याला कुणी हाक मारायची नाही.

त्याला घरी बसलेला म्हणायची सोय नव्हती. पुण्यात बेरोजगार कुणी नसतोच मुळी. कुणाचा अभ्यास चालू असतो, कुणी "बघतोय" असतो, कुणी दोन महिन्यांसाठी म्हणून गावाकडे गेलेला असतो. मी अशा पोरांसाठी भांडायचे, भरती काढा म्हणून निवेदनं द्यायचे, आणि घरी आल्यावर चपला काढता काढता आत नजर टाकायचे. तो पंख्याखाली आहे ना. आहे. मला त्याला उठवायचं नव्हतं. त्याला ढकलून त्याच्या जागी बसायचं होतं.

मी कुठे काम करते हे विचाराल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकाबाहेर. तिथे आमच्या संघटनेचं टेबल असतं. मानधन मिळतं, नोकरी म्हणता येत नाही. टेबलावर मी आणि एक काका. काका जुने कामगार, कारखाना बंद पडल्यावर चळवळीत आले. मूळचे इथल्याच गावातले, धायरी जेव्हा गाव होतं तेव्हापासूनचे. दादाच्या घरी बसण्याच्या नवव्या वर्षी सरकारने तरुणांसाठी प्रशिक्षणाची योजना काढली होती. पस्तिशीच्या आतल्या बेरोजगाराने सहा महिने सरकारी कार्यालयात काम शिकायचं, विद्यावेतन घ्यायचं आणि मग घरी जायचं. शेवटची पायरी जाहिरातीत नव्हती, ती आम्ही पत्रकात घातली. "सहा महिने काम, नंतर कायमचा आराम!" हे शीर्षक माझं. आणि त्याच पत्रकाच्या पाठीमागे, त्याच योजनेच्या अर्जाला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी. मला ते कसंतरीच वाटलं होतं. काका म्हणाले, "पुढनं शिव्या, मागनं रांग. बरोबर हाय. लोकांना दोन्ही लागतं."

आमची पद्धत अशी होती की माणसाने आधी कच्चा अर्ज हाताने भरायचा, मी तो वरपासून खालपर्यंत तपासायचा, कोपऱ्यात "पाहिला" लिहून सही करायची, मगच सेवा केंद्रातला माणूस तो संगणकावर चढवायचा. अर्जात एक रकाना होता, सध्याची स्थिती. तीन चौकोन: नोकरी, शिक्षण चालू, बेरोजगार. अभ्यासिकेतून आलेलं प्रत्येक दुसरं पोरगं "शिक्षण चालू"वर खूण करायचं. तिथे खूण पडली की अर्ज बाद.

"कॉलेजात नाव आहे का?" मी विचारायचे.

"नाही ताई."

"मग शिक्षण कुठे चालू आहे? बेरोजगार लिही."

"तसं नको ना ताई. घरी माहितीये अभ्यास करतो म्हणून."

"लाज सरकारला वाटू दे, तुला कशाला," असं म्हणून मी पेन घ्यायचे आणि खूण स्वतः करायचे. हे वाक्य माझं पाठ झालं होतं. पोरं हसायची, खाली बघायची, पण जायची अर्ज घेऊन.

त्याच काळात आमच्या संघटनेने वस्त्यांची पाहणी केली. कामाच्या वयाची, पण कामात नसलेली माणसं किती, कोण, का. गल्ल्या वाटून घेतल्या, माझ्या वाट्याला आमचीच गल्ली आली. शेवटचं घर आमचं. आई मेथी निवडत होती. मी वही काढून परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "घरात कामाच्या वयाची माणसं किती?"

"तुला माहीत नाही का?"

"आई, नियम आहे, विचारूनच लिहायचं. दादा काय करतो?"

"अभ्यास करतो."

"गेल्या आठवड्यात एक तास तरी कमाईचं काम केलं का?"

"अभ्यास करतो म्हटलं ना. लिही."

"बरं. मी?"

आईने मेथीची काडी मोडली. "तू... तू हिंडतेस. लिही काहीतरी."

"आणि तू?"

"मी कुठं काम करते?" असं म्हणून तिने निवडलेली भाजी धुवायला घेतली, तिकडे दूध वर आलं होतं ते फुंकर मारून बसवलं, दारातून आत येणाऱ्या मांजराला हाकललं. मी तिच्यापुढे "काम करत नाही" लिहिलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांपुढे तेच लिहिलं होतं. त्या बायकांसाठी कुठलीही योजना नव्हती, त्यांना कुणी बेरोजगारही म्हणत नव्हतं. हे मी नंतर पत्रकात तावातावाने लिहिलं, आणि ते खरंच आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात बायका नव्हत्या. "तू हिंडतेस" एवढंच होतं. दिवसभर उन्हात गल्ल्या पालथ्या घालते ती हिंडते, आणि पंख्याखाली घोरतो तो अभ्यास करतो.

दवाखान्यातही तेच. महापालिकेच्या दवाखान्यात तिशीपुढच्यांची तपासणी होती, कंबर मोजायची, साखर बघायची. दादा जिना चढला की धापा टाकायचा म्हणून आई त्याला घेऊन गेली, सोबत मला. सिस्टरनी टेप लावून कंबर मोजली, वहीत लिहिलं, परत मोजली.

"काय काम करता?"

"अभ्यास."

"म्हणजे बसून असता."

"हो."

"साधारण किती वेळ?"

दादाने विचार केला. "नऊ वर्षं."

सिस्टर खळखळून हसल्या. मागच्या रांगेतली माणसं हसली. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मी टेबलावर दिवसभर माणसांशी बोलते, पण मला असं दोन शब्दांत अख्ख्या खोलीला हसवता येत नाही. साखर काठावर निघाली. सिस्टरनी कागदावर "रोज चालणे" लिहून दिलं आणि बागेतल्या ओपन जिमची आठवण केली. फुकट आहे, जात जा.

तो दोन दिवस गेला. पालिकेने बसवलेल्या त्या यंत्रांवर सकाळी समोरच्या सोसायटीतले निवृत्त लोक असतात, पांढरे बूट घालून, कुणाचे पाय कुणापेक्षा जास्त वर जातात बघत. दादा सायकलच्या यंत्रावर बसला आणि पेपर वाचला. आईने शेजारणीला सांगितलं, "व्यायामालाही जातो हल्ली." मी रोज किती चालते ते माझ्या टाचांना माहीत. त्याला ना कुणी व्यायाम म्हणालं ना काम.

मग तो अर्जाचा विषय निघाला. दादाला पस्तीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. त्यानंतर ही योजना त्याच्यासाठी संपली, आणि नऊ वर्षं रिकामी असलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार. आई जेवताना म्हणाली, "तू सगळ्या गावाचे अर्ज भरतेस. घरातल्याचा भर की."

दादा म्हणाला, "मीच भरतो. मला लिहिता-वाचता येतं अजून."

त्याने भरला. त्याचं अक्षर फार सुंदर आहे, हेही माझ्या मनात खुपतंच. मी ओट्याशी भांडी पुसत होते. त्याने अर्ज पुढे धरला. "बघ गं. तुझ्या नजरेखालून जाऊ दे."

नाव, पत्ता, जन्मतारीख, दाखल्याचा क्रमांक. सगळं बिनचूक. सध्याची स्थिती: शिक्षण चालू. खूण अगदी चौकोनाच्या मधोमध.

माझी नजर तिथे थांबली. चुकून सुटलं नाही. थांबली, आणि मी विचार केला. राहू दे. विद्यार्थीच राहायचंय ना याला, मग राहू दे. दुसरा विचारही केला, तो जास्त वाईट होता. हा निवडला गेला तर त्या नऊ वर्षांना फळ आलं असं होईल. आई म्हणेल, बघ, शेवटी झालं ना, मी म्हणतच होते. त्या टेबलावरचे, पंख्याखालचे, शिट्ट्या न मोजता गेलेले सगळे दिवस बरोबर ठरतील. मला तो पस्तीस वर्षांचा व्हायला हवा होता.

मी हात पुसले. कोपऱ्यात "पाहिला" लिहिलं, खाली सही केली, आणि म्हणाले, "ठीक आहे."

पुढचे चार दिवस मी फार चांगली वागले. दादाला चहा नेऊन दिला. आईने विचारलं, आज काय विशेष. मोर्च्यात माझा आवाज नेहमीपेक्षा चढा लागला.

मंगळवारी सेवा केंद्रातून बाद झालेल्या अर्जांचा गठ्ठा आला. काका चष्मा नाकावर घेऊन एकेक बघत होते. एकावर थांबले. उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"ह्यो तुझा भाऊ ना?"

"हो."

"आन ही सही तुझी."

"हो."

"नजरेतनं सुटलं?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं, शेकडो अर्जांत एखादा सुटतोच. पण काकांशी खोटं बोलायला मला जमत नाही. भीती म्हणाल तर तीही नाही. ते समोरच्याकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात, आणि कागदापुढे खोटं बोलायची मला सवय नाही.

"नाही," मी म्हणाले. "दिसलं होतं."

काकांनी अर्ज बाजूला ठेवला. रांगेतल्या एका पोराचे दोन दाखले तपासले, त्याला झेरॉक्सला पाठवलं. मग म्हणाले, "माझी कंपनी बंद झाली तवा मी चार वर्षं घरी होतो. बायको शिवणकाम करायची. इतकी जळायची माझ्यावर, का मी ताट उचलून ठेवलं तरी तिला राग यायचा. आज कशाला उचललं, म्हणायची."

मी टेबलावरची पत्रकं गोळा करून त्यांचा गठ्ठा नीट लावला.

"पन माझा कागद तिनं कधी अडवला न्हाई." त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "वाढदिवस कधी हाय त्याचा?"

"परवा."

"मग आज घरी जा. उद्या चढव. आन त्याला तूच सांग, मी न्हाई सांगनार."

दुपारचे तीन वाजले असतील. मी घरी आले तर दादा टेबलाशी, समोर पुस्तक. या वेळी जागा होता. आई आत कणीक मळत होती, परातीचा आवाज येत होता. मी दारात उभी राहिले. उघड्या पुस्तकासमोरच्या माणसाला हाक मारायची सवय माझ्या तोंडालाच नव्हती.

"दादा."

त्याने मान वर केली. दचकला जरा.

"अर्ज परत आलाय. शिक्षण चालू लिहिलंस म्हणून. बाद होतो तसा."

"तू बघितला होतास ना?"

"बघितला होता. दिसलं होतं. मुद्दाम सोडलं."

परातीचा आवाज चालूच होता. दादाने आवाज खाली आणला. "का?"

मी रस्ताभर तयारी केली होती. तोंडातून निघालं ते पत्रकासारखंच निघालं. नऊ वर्षं हे टेबल तुझं, हा पंखा तुझा, मी ओट्यावर बसून अभ्यास केला, तुझी झोप म्हणजे अभ्यास आणि माझं काम म्हणजे हिंडणं. मुद्दा एक, मुद्दा दोन. तो ऐकत होता.

"टेबल हवं होतं?" त्याने विचारलं.

"टेबल नाही."

"मग काय?"

"मला पण बसायचं होतं," मी म्हणाले. "नुसतं. कुणी काही न विचारता."

त्याने उघड्या पानावरून तळहात फिरवला. मग म्हणाला, "कुणी काही विचारत नाही हे खरंय. तुला माहितीये, या गल्लीत मला शेवटची हाक कुणी मारली होती? मला पण आठवत नाही. आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय, अभ्यास चालू आहे. क्रिकेटला बोलवायचे ते बंद झाले, लग्नाच्या वरातीला बोलवायचे ते बंद झाले. तू खालून जातेस तेव्हा पोरं ताई, ताई करत मागे येतात. मी खिडकीतून बघतो. फार जळतो मी तुझ्यावर."

इथे माझं मन भरून वगैरे यायला हवं होतं. नाही आलं. मला राग आला. एवढी वर्षं घरात माझी अशी एकच गोष्ट होती, हेवा, ती निदान माझी एकटीची होती. आज त्यातही याने वाटा मागितला.

"मग खाली यायचं," मी म्हणाले. "दार कुणी लावलं नव्हतं."

"पुस्तक मिटून कुठे जाऊ? मिटलं की मी बेरोजगार."

परातीचा आवाज थांबला. आई कणकेचे हात घेऊन दारात आली. "काय झालं रे? कसला अर्ज परत आला?"

मी बोलायला तोंड उघडलं. दादा आधी बोलला.

"काही नाही गं. माझीच चूक. एक खूण भलतीकडे पडली होती. हिने पकडली."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग कणकेचा हात तसाच पुढे करून कोपराने माझ्या खांद्याला ढकललं, आमच्या आईचं लाड करणं तेवढंच. "बघ. ही होती म्हणून. नाहीतर गेलं होतं की हातचं. मी काय म्हणते तुला नेहमी, बहीण हुशार आहे तुझी, विचारत जा तिला."

हे ती नेहमी कधीच म्हणत नव्हती. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दादा टेबलावरच्या कागदांत काहीतरी शोधत होता, मान वर करत नव्हता.

बुधवारी आम्ही दोघं सेवा केंद्रात गेलो. चालत. अर्ध्या वाटेत तो पुलाच्या कठड्याला टेकून थांबला, शर्ट पाठीला चिकटला होता. मी पुढे जाऊन उभी राहिले. केंद्रात रांग होती, सगळी पोरं त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि साइट अडकलेली. तासभर उभे होतो. एकाने दादाला विचारलं, "काका, मुलाचा अर्ज का?" दादा म्हणाला, "नाही, माझाच. उद्यापर्यंत तरुण आहे." पोरं हसली. दवाखान्यातल्यासारखीच, अर्थातच.

नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "सध्या काय करता?"

मी मागे उभी होते. टेबलावर शेकडो पोरांना म्हटलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, तो अडला तर म्हणायचं असं ठरवलं होतं. तो अडला. काउंटरच्या काचेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला, आणि मी ते वाक्य गिळलं.

"मोठ्याने बोला."

"बेरोजगार," दादा म्हणाला. "बेरोजगार आहे."

मागच्या रांगेतलं कुणी हसलं नाही. आतल्या माणसाने चौकोनावर खूण केली, पावती निघाली. पावतीवर वय छापलं होतं, चौतीस.

त्याची निवड झाली. स्वारगेटजवळच्या एका सरकारी कार्यालयात तो जुन्या नोंदी लावतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. सकाळी नऊला निघतो. आई त्याला डबा करून देते, दोन भाज्या. मी सात वर्षं बाहेर जाते, मला डबा कधी मिळाला नाही, आजही मी वडापाव खाते, आणि हो, जळते. सहा महिन्यांतले चार संपलेत. पुढे काय, हे त्याच्या साहेबांना माहीत नाही, योजना काढणाऱ्यांनाही माहीत नसावं. प्रशिक्षण घेतलेल्यांना कामावर ठेवा म्हणून आमची सह्यांची मोहीम चालू आहे. दादाने सही केली आणि त्याच्या कार्यालयातल्या अकरा जणांच्या आणल्या. काका म्हणाले, तुझ्यापेक्षा बरा निघाला. हेही ऐकून घेतलं.

पण हे सगळं मला सोसतं. सोसत नाही ते वेगळंच. आई आता गल्लीत, लग्नाकार्यात, विहारात, भेटेल त्याला सांगते की पोरीने ऐन वेळी चूक पकडली म्हणून पोराचं झालं. दादा शेजारी असला तर म्हणतो, "हो, हिच्यामुळेच." चेहऱ्यावरची एक रेषही हलत नाही. मी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हटलं, मी आईला खरं काय ते सांगते. तो म्हणाला, "कशाला? पहिल्यांदा तुझं कौतुक करतेय. करू दे की."

म्हणजे चूक मी केली, आणि मन मोठं झालं त्याचं. हेही त्यालाच मिळालं. काही न करता, नुसतं गप्प बसून.

मला ते नको आहे. आईने मला शिव्या दिल्या तरी चालतील, पण त्या माझ्या स्वतःच्या कामासाठी पाहिजेत, न केलेल्या कामाची शाबासकी नको. समोर उभी राहून सांगायला मी दोनदा गेले आणि दोनदा भाजीचं काहीतरी बोलून परत आले. म्हणून लिहिलं, आणि पत्रकात नाही, पुस्तकात. आई आमची पत्रकं वाचत नाही, म्हणते त्यात नुसती भांडणं असतात. पण पुस्तक म्हटलं की ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते, आणि या पानापर्यंत ती येणारच. दादाने नको म्हटलंय. त्याचं मी ऐकणार नाही.